मागच्यांची सोय

पुण्यातल्या दुय्यम निबंधक कार्यालयात सकाळी अकराच्या सुमाराला बाकांवर नजर टाकली, की कोण कशासाठी आलंय हे बरंचसं कळतं. फ्लॅट घेणारे घोळक्याने येतात. बिल्डरचा माणूस, बँकेचा माणूस, नवरा-बायको, जमलं तर सासरेही आणि फायलींचा गठ्ठा. मृत्युपत्र नोंदवायला आलेला माणूस मात्र एखाद्या जुन्या सहकाऱ्याला आणि शेजाऱ्याला घेऊन कडेला गप्प बसलेला असतो. नंबर लागला की संगणकासमोरच्या खुर्चीत बसायचं, कॅमेऱ्याकडे पाहायचं आणि अंगठा काचेवर टेकवायचा. सत्तरी उलटलेल्या अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्राला त्या चटकन सापडत नाहीत. "काका, रुमालाने पुसा आणि जरा दाबून ठेवा," असं ऑपरेटरला दोन-तीनदा सांगावं लागतं. मग निबंधक विचारतात, "मृत्युपत्र तुमचंच ना? वाचलंय? कोणाची बळजबरी नाही ना?" मान हलते. आणि उठता उठता, आवाज खाली आणून, त्या टेबलापाशी नेहमी येणारा प्रश्न येतो : "साहेब, हे मुलांना कळणार नाही ना?"

नाही कळणार. घरा-जमिनीचे व्यवहार पुस्तक क्रमांक १ मध्ये नोंदले जातात आणि ते कोणालाही पाहता येतं. मृत्युपत्रांसाठी वेगळं पुस्तक आहे, क्रमांक ३. १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार त्यातल्या नोंदीची नक्कल करणाऱ्याच्या हयातीत फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते; त्याच्या पश्चात मागेल त्याला मिळते. ज्यांना मजकूर निबंधकांच्याही नजरेस पडू द्यायचा नाही, त्यांच्यासाठी सीलबंद पाकिटात मृत्युपत्र जिल्हा निबंधकांकडे ठेव म्हणून देण्याची सोय त्याच कायद्यात आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतात. या सोयी शंभराहून अधिक वर्षं कायद्यात आहेत आणि आजही बहुतेक घरांना त्यांची कल्पना नाही.

'वारसा' हा विषय हाती घेतला की सूर पटकन संस्कारांकडे आणि परंपरेकडे वळतो. हा लेख त्यातल्या सर्वांत रोकड्या भागाबद्दल आहे. घर, शेत, ठेवी, दागिने मागे राहतात तेव्हा प्रत्यक्षात काय घडतं, कोणत्या टेबलावर काय विचारलं जातं आणि कोणता कागद कुठे उपयोगी पडतो, हे त्यात पाहायचं आहे.

दोन साक्षीदार पुरतात, पण कोणते?

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कोऱ्या कागदावर, स्वतःच्या हाताने, मराठीत लिहिलेलं चालतं. नोंदणी ऐच्छिक आहे. भारतीय वारसा कायदा, १९२५ मधलं कलम ६३ थोडक्यात सांगतं की करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा, किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहिलेली असावी किंवा करणाऱ्याने 'ही माझीच सही' असं त्यांना स्वतः सांगितलेलं असावं आणि त्या दोघांनी त्याच्यासमोर आपापली सही करावी. साक्षीदारांनी मजकूर वाचायची गरज नाही. दोघांनी एकाच वेळी हजर असायलाच हवं, असंही नाही.

इतकं सोपं असूनही मृत्युपत्रं कोर्टात अडतात, आणि अडतात ती बहुतेकदा साक्षीदारांपाशी. मृत्युपत्र शाबीत करायचं तर निदान एक साक्षीदार कोर्टात उभा करावा लागतो. करणारा पंचाहत्तरचा आणि दोन्ही साक्षीदार त्याचेच वर्गमित्र असतील, तर वेळ येईल तेव्हा साक्ष द्यायला कोण उरणार? म्हणून जाणते वकील वयाने लहान, एकाच गावात टिकून राहणारे आणि मृत्युपत्रातून ज्यांना काही मिळत नाही असे साक्षीदार निवडायला सांगतात. त्यातला एक घरचा डॉक्टर असला तर उत्तमच. 'हे गृहस्थ शुद्धीवर होते, त्यांना कळत होतं' हे तो अधिकाराने सांगू शकतो. त्याच दिवसाचा, त्याच्या लेटरहेडवरचा दाखला मृत्युपत्राला जोडायची पद्धत आता रुळली आहे.

सही खरी असणं पुरेसं नसतं. सातारचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात असताना १९५८ साली एका निकालात याची कसोटी घालून दिली आणि ती आजही रोज वापरली जाते. मृत्युपत्राभोवती संशय घ्यावा अशी परिस्थिती असेल, तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर राहते. कापरी सही, खंगलेला माणूस, एका मुलाला सगळं आणि बाकीच्यांचा उल्लेखसुद्धा नाही, आणि ज्याला सगळं मिळालं त्यानेच वकील आणला, गाडी काढली, साक्षीदार जमवले. असा सगळा योग जुळून आला, की कोर्ट थांबतं आणि खोलात जातं.

यावर उपाय कागदातच आहे. एखाद्याला कमी द्यायचं किंवा द्यायचंच नाही, तर त्याचं कारण दोन ओळींत लिहावं. 'थोरल्याला २०१० साली दुकानासाठी पैसे दिले आहेत, म्हणून घर धाकटीला' असं एक वाक्य पुढची दहा वर्षं वाचवतं. मिळकतीचं वर्णन नेमकं असावं : गट नंबर, सर्व्हे नंबर, सोसायटीचा भाग दाखला क्रमांक. शेवटी एक कलम हवंच, की वर न लिहिलेलं आणि पुढे मिळवलेलं जे काही असेल ते अमक्याला. हे कलम राहून गेलं की नंतर घेतलेली एखादी ठेव मृत्युपत्राबाहेर राहते आणि तिच्यासाठी सगळे वारस पुन्हा एका रांगेत उभे राहतात. पेनाने खाडाखोड करू नये. केलीच तर त्या जागी पुन्हा सही आणि पुन्हा दोन साक्षीदार. आणि मृत्युपत्र कितीदाही बदलता येतं, नोंदवलेलंसुद्धा. शेवटचं तेवढं खरं.

'नॉमिनी लावलाय' म्हणजे झालं?

बँकेत, सोसायटीत, विमा एजंटाच्या तोंडून आपण इतक्या वेळा 'नॉमिनी' ऐकतो, की ज्याचं नाव तिथे आहे तोच मालक, अशी घराघरात पक्की समजूत झाली आहे. ती चुकीची आहे. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच सांगितलं होतं, की नॉमिनी पैसे हातात घेतो, ते जातात मात्र वारसांकडे; २०१५ मध्ये विमा कायद्यात आई-वडील, जोडीदार आणि मुलं नॉमिनी असतील तर त्यांच्यापुरता बदल झाला.

शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत संभ्रम उरला होता. तो ज्या खटल्यात संपला, तो मराठी माणसाला जवळचा वाटेल अशा घरातला आहे. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांचं निधन झालं. काही कोटींच्या गुंतवणुकींना नॉमिनी लावलेले होते. कंपनी कायद्यातल्या शब्दांमुळे ही रक्कम नॉमिनींच्या पूर्ण मालकीची होते, की वारसांमध्ये आणि मृत्युपत्राप्रमाणे वाटली जाते, असा प्रश्न उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाचे आधीचे निकाल एकमेकांशी जुळत नव्हते. अखेर १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की नॉमिनेशन हा वारशाचा तिसरा मार्ग नाही. वारसा मिळतो तो मृत्युपत्राने, नाहीतर वारसा कायद्याने. माणूस गेल्यापासून दहा वर्षांनी हे उत्तर आलं. एका जबाबदार, शिस्तीच्या माणसाने मृत्युपत्र करून ठेवलेलं असतानाही इतका वेळ लागला, म्हणून नॉमिनीची नावं आणि मृत्युपत्रातली नावं एकमेकांशी ताडून पाहणं किती गरजेचं आहे ते लक्षात यावं.

सोसायटीच्या फ्लॅटचंही तेच. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं आणि नॉमिनीला 'तात्पुरता सभासद' हा दर्जा स्पष्ट झाला. खरे वारस मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र किंवा आपसातला कौटुंबिक करार घेऊन येईपर्यंत नॉमिनीने मिटिंगला बसायचं, मेंटेनन्स भरायचा. सेक्रेटरींनी नॉमिनीच्या नावावर शेअर सर्टिफिकेट केलं म्हणून बहिणीचा हिस्सा बुडत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. ही सोय चांगली आहे, पण मालकीचा प्रश्न तिने सुटत नाही.

सातबाऱ्यावरची गेलेली माणसं

शहरात भांडण फ्लॅटचं, गावात बांधाचं. गावात मृत्युपत्र करणारे अजूनही थोडे. माणूस गेला की वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यायची, वारसांची नावं गाव नमुना ६-क मध्ये चढायची, फेरफार धरायचा, नोटिसा निघायच्या, हरकत आली नाही तर मंडळ अधिकाऱ्याने तो मंजूर करायचा आणि मग सातबाऱ्यावर नवी नावं यायची, असा नियमाचा रस्ता आहे. प्रत्यक्षात अनेक गावांत आजोबा, चुलत आजोबा, त्यांची विधवा बहीण अशी गेलेल्यांची नावं पिढीभर सातबाऱ्यावर राहतात. कसणारा कसत असतो, कोणाचं अडत नाही. अडतं ते सोसायटीचं पीककर्ज काढताना, पीक विम्याच्या वेळी आणि रस्त्यात जमीन गेल्यावर मोबदल्याच्या यादीत नाव शोधताना.

महसूल खात्याने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली ती यासाठीच. बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेलं हे काम एप्रिलपासून राज्यभर नेण्यात आलं. चावडीवर खातेदारांच्या नावांचं वाचन करायचं, कोण हयात नाही ते गावानेच सांगायचं, कागद गोळा करून वारसनोंद लावायची, असं तिचं स्वरूप होतं. मोहीम उत्तम. मात्र वारसनोंदीने सगळ्या वारसांची नावं सातबाऱ्यावर येतात, वाटणी होत नाही आणि फेरफाराने मालकीही सिद्ध होत नाही. चार भाऊ-बहिणींची नावं एकाखाली एक आली, की खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

त्यात बहिणींचा हिस्सा. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, केंद्राने तो २००५ मध्ये दिला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की हा हक्क जन्माने आहे. २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. तरीही साडी-चोळी करून बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची रीत आजही जोरात आहे. ती मनापासून देत असेल तर तो तिचा प्रश्न. पण 'माहेर तुटेल' या भीतीने निबंधकांसमोर बसलेली बाई आणि खुशीने बसलेली बाई, दोघींच्या हक्कसोडीला कायदा एकच समजतो, हे वास्तव आहे.

वडिलोपार्जित जमिनीबद्दल आणखी एक गोष्ट गावात ठाऊक नसते. वडिलांना त्या सगळ्या जमिनीचं मृत्युपत्र करता येत नाही, फक्त स्वतःच्या हिश्शाचं करता येतं. 'आबांनी सगळी जमीन धाकट्याला लिहून दिली' हे वाक्य ऐकलं, की आबांची किती होती हे आधी विचारावं.

टिळक आणि बाबा महाराज

मृत्युपत्र कोणाला काय द्यायचं ते सांगतं. ते अमलात कोणी आणायचं, हे ठरवायचं मात्र बहुतेक जण विसरतात. त्या माणसाला एक्झिक्युटर किंवा व्यवस्थापक म्हणतात. हे काम किती जड असू शकतं, याचं सर्वांत मोठं मराठी उदाहरण लोकमान्य टिळकांचं आहे.

पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीने गेले. त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र केलं आणि त्यात टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आणि आणखी काही जणांना व्यवस्था पाहायला नेमलं. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते. इस्टेटीवर कर्ज होतं. विधवा ताईमहाराज गरोदर होत्या. मुलगा झाला तर प्रश्न नव्हता; न झाला किंवा न जगला, तर व्यवस्थापकांच्या संमतीने दत्तक घ्यायचा, असं मृत्युपत्रात होतं. मुलगा झाला, पण जगला नाही.

१९०१ मध्ये औरंगाबादेत जगन्नाथ महाराजांचं दत्तकविधान झालं. पुढे थोड्याच दिवसांत ताईमहाराजांचं मत फिरलं, कोल्हापूरच्या घराण्यातला दुसरा दत्तक पुढे आला आणि प्रकरण कोर्टात गेलं. न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी टिळकांना मिळालेलं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाने दिलेली मान्यता, रद्द केलं, वर त्यांच्यावरच खोट्या साक्षीचा खटला चालवायला पाठवलं. १९०३ मध्ये शिक्षा झाली, १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द करून त्यांना निर्दोष ठरवलं. दत्तकाचा दिवाणी वाद त्यापुढेही चालला आणि प्रिव्ही कौन्सिलने टिळकांच्या बाजूने निकाल दिला तो १९१५ मध्ये. मधल्या काळात टिळक मंडालेला जाऊन आले होते. मित्राला मरताना दिलेला शब्द पाळायला अठरा वर्षं लागली.

आज कोणाच्या मृत्युपत्रातून इतकं रामायण क्वचितच होतं. तरी एक्झिक्युटर निवडताना ही गोष्ट आठवावी. त्याला आधी विचारावं, कागद कुठे आहेत ते सांगावं, तो आपल्याआधी गेला तर दुसरा कोण हेही लिहावं. आणि शेवटच्या दिवशी, पटकीच्या अंथरुणावर, घाईत लिहिण्याची वेळ स्वतःवर येऊ देऊ नये.

मुंबईचा वेगळा नियम, जो आता उरला नाही

प्रोबेट म्हणजे 'हे मृत्युपत्र खरं आहे' असा कोर्टाचा शिक्का. पुणे, नाशिक, नागपूरच्या हिंदू माणसाला तो कधी सक्तीचा नव्हता. मुंबईत मात्र होता. मृत्युपत्र मुंबईत केलेलं असलं किंवा त्यातली स्थावर मिळकत मुंबईत असली, की भारतीय वारसा कायद्याच्या कलम २१३ खाली प्रोबेटशिवाय त्याच्या आधारावर कोर्टात हक्क सांगता येत नसे. कंपनी सरकारच्या काळातल्या तीन शहरांपुरता, म्हणजे मुंबई, मद्रास आणि कलकत्त्यापुरता, हा नियम स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिला. दादरच्या दोन खोल्यांसाठी घरच्यांना उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्र विभागात खेपा घालाव्या लागत आणि कोणी हरकत नोंदवली की अर्जाचा दावा होऊन पुढची वर्षं त्यात जात.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुने कायदे रद्द करण्याच्या विधेयकातून कलम २१३ वगळलं आणि ही सक्ती संपली. मुंबईकरांसाठी ही मोठी सुटका आहे. प्रोबेट मागण्याची वाट मात्र बंद झालेली नाही. घरात वाद असेल, मिळकत मोठी असेल, किंवा एखादी संस्था कोर्टाचा कागद मागूनच पुढे जाणार असेल, तर प्रोबेट घेतलेलं बरं. बाकीच्यांनी ज्या बँकेशी आणि सोसायटीशी संबंध येणार, तिथे आता काय मागतात ते आधी विचारून घ्यावं. नियम बदलला तरी टेबलावरच्या सवयी बदलायला वेळ लागतो.

ट्रस्ट नक्की कोणासाठी?

गेल्या काही वर्षांत गुंतवणूक सल्लागारांच्या बैठकांतून 'फॅमिली ट्रस्ट' हा शब्द मध्यमवर्गापर्यंत पोचला आहे. कल्पना अमेरिकेतून आली आहे. तिथे माणूस हयातीतच आपलं घर, शेअर स्वतःच्या ट्रस्टमध्ये टाकतो, जिवंत असेतो स्वतःच विश्वस्त राहतो, हवं तेव्हा मोडू शकतो, आणि त्याच्या पश्चात पुढचा विश्वस्त कोर्टाची पायरी न चढता वाटप करतो. तिथली प्रोबेटची प्रक्रिया अनेक राज्यांत खर्चीक आणि सार्वजनिक असल्याने हा मार्ग तिकडे घरोघरी वापरला जातो.

इथे कायदा आहे तो १८८२चा भारतीय न्यास कायदा. हयातीत ट्रस्ट करता येतो, पण घर किंवा जमीन त्यात टाकायची तर दस्त नोंदवावा लागतो आणि मुद्रांक शुल्काचा बोजा पडू शकतो. मृत्युपत्राला मुद्रांक नाही. मोडता येणारा ट्रस्ट केला तर त्याचं उत्पन्न कर आकारणीसाठी करणाऱ्याचंच धरलं जातं, म्हणजे आयकर वाचत नाही. मृत्यूनंतर इस्टेटीवर लागणारा कर भारताने १९८५ मध्येच रद्द केला आहे, त्यामुळे तोही वाचवायचा प्रश्न नाही. एक घर, थोड्या ठेवी, दोन मिळवती मुलं अशा कुटुंबाला ट्रस्टची गरज नाही. त्यांनी नीट मृत्युपत्र करावं आणि सल्ल्याची फी वाचवावी.

गरज आहे ती दुसऱ्या घरांना. स्वमग्न किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांच्या बैठकीत बसलं, की एकच प्रश्न फिरून फिरून येतो, 'आमच्यानंतर?' अशा मुलाच्या नावावर थेट फ्लॅट किंवा रक्कम ठेवली तर तो ती सांभाळू शकत नाही आणि ज्याच्या हाती जाईल त्याच्या भलेपणावर सगळं अवलंबून राहतं. अठरा वर्षांनंतर आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. पैसा ट्रस्टमध्ये ठेवायचा, विश्वस्तांनी तो फक्त त्या मुलासाठी खर्च करायचा, त्याच्यानंतर उरेल ते कोणाला जाईल ते आधीच लिहायचं, ही रचना इथे खरोखर कामाची आहे. ट्रस्ट मृत्युपत्रातूनही निर्माण करता येतो. मग तो आई-वडिलांच्या पश्चात अस्तित्वात येतो आणि हयातीत काहीच हलवावं लागत नाही. सांभाळणारा आणि पैसे पाहणारा एकच माणूस नसावा, हा अनुभवी पालकांचा आग्रह असतो आणि तो रास्त आहे.

या पालकांपैकी कितीतरी जण ट्रस्टच्या दस्ताबरोबर एक वही ठेवतात. कायद्याने ती कोणालाच बंधनकारक नाही. तिच्यात असतं : सकाळी दूध कोमट लागतं. शर्टाच्या मागचं लेबल काढून टाकायचं, ते टोचतं. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी सांगायचं. रागावला तर हात धरायचा नाही, शेजारी बसायचं. रविवारी मावशीला फोन. पाच कलमी दस्तापेक्षा ही वही विश्वस्ताला जास्त उपयोगी पडते.

बाकी 'हयातीतच नावावर करून टाका' हा सल्ला नातेवाईक हमखास देतात. राहतं घर किंवा शेती मुलाला, मुलीला, नवऱ्याला, बायकोला, नातवंडांना बक्षीस देताना महाराष्ट्रात मूळ मुद्रांक फक्त २०० रुपये आहे, त्यामुळे मोह होतो. पण मृत्युपत्र रात्रीतून बदलता येतं, बक्षीसपत्र नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्यात, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास परत मिळवण्याची तरतूद आहे आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आईला तिचा लाभ दिला. तरी सत्तराव्या वर्षी स्वतःच्याच घरासाठी न्यायाधिकरणापुढे उभं राहण्याची वेळ का आणावी? डोक्यावरचं छत स्वतःच्या नावावर असू द्यावं.

गोवा आणि परदेश

सीमेपलीकडे बांद्याहून गोव्यात उतरलं की सगळं गणित बदलतं. तिथे १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला वारसा कायदा सर्व धर्मांना लागू आहे आणि २०१२च्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्याने तो नव्याने बांधला गेला. मुलं असतील तर माणसाला मृत्युपत्राने निम्मीच मिळकत मनाप्रमाणे देता येते. उरलेली निम्मी वारसांची, ती काढून घेता येत नाही. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरली जाते. गोमंतकीय माणसाने मुंबईत फ्लॅट घेतला तरी त्यालाही हाच कायदा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. गिरगावात नोकरीसाठी आलेल्या आणि अजून गोव्याचेच राहिलेल्या अनेक घरांना हे लागू पडतं. मुस्लिम कायद्यातही मर्यादा आहे : वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र चालत नाही.

मुलं परदेशात असलेल्या घरांची अडचण वेगळी. मुलाने दिलेलं किंवा वडिलांनी केलेलं कुलमुखत्यारपत्र, देणारा गेला त्या क्षणी संपतं. त्यावर नंतर केलेला व्यवहार टिकत नाही, हे अनेकांना बँकेच्या खिडकीशी कळतं. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळते. वारशाची रक्कम परदेशी नेण्याची मर्यादा एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलर आहे. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी मेलबर्नला असेल तर एक्झिक्युटर इथला, पायी पोचेल असा हवा.

तिचं मृत्युपत्र

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. निबंधकांच्या बाकांवर मृत्युपत्रासाठी पुरुष दिसतात. बायका दिसल्या तर बहुतेक विधवा. कमावत्या, स्वतःच्या नावावर घर आणि भविष्य निर्वाह निधी असलेल्या बायकांनाही 'माझं काय असं आहे' असं वाटतं.

हिंदू वारसा कायदा, १९५६ मध्ये पुरुष मृत्युपत्राविना गेला तर त्याचं पत्नी, मुलं आणि आईकडे जातं. बाई गेली तर आधी मुलं आणि नवरा. ते नसतील तर तिची स्वकष्टाची मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आई-वडिलांचा नंबर त्यानंतर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अशीच एक गोष्ट आली. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा सर्पदंशाने गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, ती माहेरी परतली, शिकली, नोकरी केली, पैसे साठवले आणि मृत्युपत्र न करता गेली. तिच्या आईने त्या पैशांवर हक्क सांगितला. न्यायालयाला सहानुभूती होती, पण कायद्याने पैसे गेले नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे, ज्यांच्या घराने तिला कधी विचारलं नव्हतं. ही तरतूद बदलावी अशी मागणी जुनी आहे आणि तिच्यावरचे खटले अजून चालू आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, तातडीने मृत्युपत्र करण्याचं आवाहन केलं.

हा अंक हाती पडेल तेव्हा बहुतेक घरांत दिवाळीला माणसं जमलेली असतील. आई, काकू, आत्या, ऐन चाळिशीतली नोकरदार बहीण यांच्या नावावर काय आहे आणि ते कोणाला जावं असं त्यांना वाटतं, हे त्यांना विचारा. त्यांनी सांगितलं तर त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवायला मदत करा, लाभार्थी नसलेले दोन साक्षीदार शोधून द्या आणि जमलं तर नोंदवायला घेऊन जा. घरातल्या पुरुषांनी आपलंही करावं, पण यंदा पहिला नंबर तिचा लावा.